सदाफुलीची पाने आणि मेंदूचे दार

सदाफुली कोणी मुद्दाम लावलेली फारशी दिसत नाही. ती उगवते. जुन्या वाड्याच्या जोत्याच्या फटीत, गच्चीच्या कठड्याच्या भेगेत, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीशेजारी. पाणी मिळो न मिळो, बारा महिने तिच्यावर गुलाबी-पांढरी फुले असतात. सकाळी फिरायला निघालेले कोणी काका तिची चार पाने तोडून तोंडात टाकतात, कारण त्याने साखर उतरते असे त्यांना कोणी सांगितलेले असते. अलीकडे आणखी एक प्रसंग आपल्या परिचयाचा झाला आहे. घरात कोणाच्या तरी मेंदूत गाठ निघते, एमआरआयचा अहवाल हातात पडतो आणि संध्याकाळपर्यंत आप्तेष्टांचे निरोप सुरू होतात. सदाफुलीचा रस द्या, हळद द्या, अमुक झाडाची साल उगाळून द्या. ‘कर्करोगाची औषधे शेवटी झाडांपासूनच बनतात’ हे वाक्य त्या निरोपांत हमखास असते.

हे वाक्य खोटे नाही. कर्करोगावरच्या अत्यंत उपयोगी औषधांपैकी काही खरोखरच झाडांतून आली आहेत. त्यांतले एक औषध तर याच सदाफुलीतून आले. मग मेंदूच्या कर्करोगाचे काय? ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूतला सर्वांत आक्रमक कर्करोग. त्यावर २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ५७३ रुग्णांच्या चाचणीत, नुसत्या रेडिएशनने मध्यमान आयुष्य १२.१ महिने भरले आणि त्याला टेमोझोलोमाइड या औषधाची जोड दिल्यावर १४.६ महिने. वाढ अडीच महिन्यांची, पण तीच आजच्या उपचारांचा पाया ठरली. आणि टेमोझोलोमाइड झाडातून आलेले नाही. ते प्रयोगशाळेत घडवलेले आहे. झाडांतून आलेली, त्याच्याहून कितीतरी जहाल औषधे हाताशी असताना हे असे का झाले, याचा शोध घ्यायचा तर तीन वनस्पतींचा इतिहास पाहावा लागतो. त्या इतिहासाच्या वाटेवर आपले नंदुरबार लागते, गोरेगाव लागते आणि आपला पश्चिम घाटही लागतो.

जमैकाहून आलेले पाकीट

१९२१ साली टोरांटोमध्ये फ्रेडरिक बँटिंग यांच्या इन्शुलिनच्या प्रयोगांत मदतीला आधी कोणी जायचे, हे ठरवण्यासाठी दोन विद्यार्थ्यांनी नाणे उडवले. चार्ल्स बेस्ट जिंकले आणि इतिहासात गेले. हरलेल्या विद्यार्थ्याचे नाव क्लार्क नोबल. पुढे तीसेक वर्षांनी, १९५२च्या सुमारास, याच क्लार्क नोबल यांच्याकडे जमैकाहून एक पाकीट आले. त्यात सदाफुलीची पाने होती. तिथले लोक या पानांचा काढा मधुमेहावर घेतात, तपासून पाहावे, अशी विनंती सोबत होती. नोबल यांनी ती पाने आपले भाऊ रॉबर्ट नोबल यांच्याकडे पाठवली. रॉबर्ट हे कॅनडातल्याच लंडन नावाच्या शहरात, वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठात संशोधन करीत होते.

उंदरांना पानांचा अर्क पाजून पाहिला. साखरेवर काहीही परिणाम झाला नाही. आमच्या फिरायला जाणाऱ्या काकांच्या कानावर ही गोष्ट अजून गेलेली नाही. मग अर्क टोचून पाहिला, तर उंदीर काही दिवसांतच जंतुसंसर्गाने मरू लागले. दुसरा एखादा संशोधक इथे थांबला असता. नोबल यांनी उंदरांचे रक्त तपासले. पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. अस्थिमज्जा थंडावली होती. जे द्रव्य पांढऱ्या पेशींची वाढ थांबवते, ते पांढऱ्या पेशींच्याच कर्करोगावर चालेल काय, हा प्रश्न तिथे जन्माला आला. १९५४मध्ये रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स बीअर त्यांच्या मदतीला आले आणि १९५८मध्ये दोघांनी व्हिनब्लास्टिन वेगळे केल्याचे जाहीर केले. त्याच सुमारास अमेरिकेत एली लिली कंपनीतले गॉर्डन स्व्होबोडा हेही सदाफुलीवरच काम करीत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतून व्हिन्क्रिस्टिन हे दुसरे द्रव्य आले आणि १९६३मध्ये त्याला औषध म्हणून परवानगी मिळाली. एखाद्या ग्रॅमसाठी शेकडो किलो सुकी पाने लागत. पण लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात या औषधाने जे केले, त्याला तोड नव्हती.

पेशी दुभंगताना आत सूक्ष्म नलिकांचे एक जाळे उभे राहते आणि गुणसूत्रे दोन्ही बाजूंना ओढली जातात. सदाफुलीची ही द्रव्ये त्या नलिका बांधूच देत नाहीत. विभाजन अर्ध्यावर अडते आणि पेशी मरते. काचेच्या तबकडीत वाढवलेल्या मेंदूच्या कर्कपेशीही अशाच मरतात. म्हणून १९७५मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टरांनी मेंदूच्या गाठींवर तीन औषधांचा एकत्र वापर करून पाहिला: प्रोकार्बाझिन, लोमस्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन. पहिली दोन कृत्रिम, तिसरे सदाफुलीचे. आद्याक्षरांवरून या त्रयीला ‘पीसीव्ही’ म्हणू लागले.

१९८८मध्ये ग्रेगरी केर्नक्रॉस आणि डेव्हिड मॅकडॉनल्ड यांनी दाखवले की ऑलिगोडेन्ड्रोग्लायोमा नावाच्या गाठी या त्रयीने चक्क आकसतात. हे दोघेही त्याच कॅनडातल्या लंडन शहरातले. जमैकाचे पाकीट ज्या गावी उघडले गेले, तिथेच तीन दशकांनी सदाफुली मेंदूच्या औषधात शिरली. पुढे २९१ रुग्णांची मोठी चाचणी झाली. तिचे दीर्घकालीन निष्कर्ष २०१३मध्ये आले. ज्यांच्या गाठीत दोन विशिष्ट गुणसूत्रांचे तुकडे गळालेले होते, त्यांचे मध्यमान आयुष्य नुसत्या रेडिएशनने ७.३ वर्षे होते. रेडिएशनच्या जोडीला पीसीव्ही दिल्यावर ते १४.७ वर्षे झाले. मेंदूच्या कर्करोगाच्या इतिहासात अशी दुपटीची गोष्ट फार क्वचित घडली आहे.

सदाफुलीची गोष्ट इथेच संपवता आली असती आणि निरोप पाठवणाऱ्या आप्तांना बरे वाटले असते. पण डॉक्टरांपुढे एक अवघड प्रश्न तसाच राहिला. या यशात सदाफुलीचा वाटा किती?

निळा रंग

या प्रश्नाचे मूळ सदाफुलीच्या शोधाहून जुने आहे. १८८५मध्ये जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ पाउल एहर्लिख प्राण्यांच्या रक्तात रंग टोचून कोणता अवयव कसा रंगतो ते पाहत होते. सगळे शरीर रंगले तरी मेंदू कोराच राहिला. मेंदूला रंगाचे आकर्षण नसावे, असा त्यांनी अर्थ लावला. त्यांचे शिष्य एडविन गोल्डमान हे फ्रायबुर्ग गावात शल्यविशारद होते. त्यांनी ट्रिपान ब्लू हा निळा रंग घेतला आणि तोच प्रयोग उलटा केला. १९१३मध्ये त्यांनी रंग रक्तात न टोचता मेंदूभोवतीच्या पाण्यात टोचला. आता मेंदू निळाशार झाला आणि उरलेले शरीर कोरे राहिले. म्हणजे आकर्षणाचा प्रश्न नव्हता. रक्त आणि मेंदू यांच्या मधे काहीतरी अडसर होता.

तो अडसर डोळ्यांना दिसायला १९६७ साल उजाडले. हार्वर्डमध्ये टॉम रीझ आणि मॉरिस कार्नोव्स्की यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले की मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना अशा घट्ट चिकटलेल्या असतात की मधून काही झिरपायला जागाच राहत नाही. इतर अवयवांतल्या रक्तवाहिन्यांना कुडाची भिंत म्हटले, तर मेंदूतल्या वाहिन्यांना चुना भरलेली दगडी भिंत म्हणावे लागेल. लहान आकाराचे, तेलकट स्वभावाचे रेणू पेशींच्या अंगातूनच पलीकडे जातात. व्हिन्क्रिस्टिनसारखे थोराड रेणू बाहेर राहतात.

भिंत एवढीच अडचण असती तरी निभावले असते. दारात राखणदारही निघाला. १९७६मध्ये टोरांटोत रुडॉल्फ ज्युलियानो आणि व्हिक्टर लिंग यांना औषधांना दाद न देणाऱ्या पेशींच्या आवरणात एक प्रथिन सापडले. त्याला पी-ग्लायकोप्रोटीन म्हणतात. आत आलेले औषध उचलून बाहेर टाकणे हे त्याचे काम. पुढे कळले की मेंदूच्या केशवाहिन्यांत ते भरपूर असते. अ‍ॅमस्टरडॅममध्ये आल्फ्रेड शिंकेल आणि सहकाऱ्यांनी हे प्रथिन बनवणारे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. उंदीर धडधाकट दिसत होते. एकदा पिंजऱ्यांत किडींचा उपद्रव झाला म्हणून नेहमीचे आयव्हरमेक्टिन फवारले. साध्या उंदरांना काही झाले नाही. हे उंदीर पटापट मेले. जे विष एरवी मेंदूच्या दारातून परत पाठवले जाते, ते राखणदार नसल्यामुळे थेट आत गेले होते. १९९४मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधात आणखी एक द्रव्य तपासलेले आहे: सदाफुलीचे व्हिनब्लास्टिन. राखणदार नसला की त्याचाही उंदरांना जास्त त्रास होई.

म्हणजे सदाफुलीचा रेणू भिंतीला अडतो आणि जो काही थोडा आत शिरतो, त्याला राखणदार बाहेर काढतो. गाठीत जिथे रक्तवाहिन्या बिघडलेल्या असतात तिथे भिंत सैल असते, औषध थोडे शिरते. पण मेंदूचा कर्करोग गाठीपुरता नसतो. त्याच्या पेशी मुळांसारख्या निरोगी मेंदूत पसरलेल्या असतात, आणि तिथे भिंत शाबूत असते. त्यामुळे पीसीव्हीतल्या ‘व्ही’चा उपयोग नेमका किती, यावर तज्ज्ञांचा वाद आजही चालू आहे. काही ठिकाणी हातापायांच्या मुंग्या वाढल्या की व्हिन्क्रिस्टिन बंद करतात आणि उरलेल्या दोन औषधांवर उपचार पुढे नेतात.

मग ते थेट मेंदूभोवतीच्या पाण्यातच का टोचू नये? गोल्डमान यांनी रंग टोचला होता तसे? याचे उत्तर वैद्यकाने फार महाग मोजून घेतले आहे. व्हिन्क्रिस्टिन चुकून पाठीच्या कण्यातल्या पाण्यात गेले, तर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणूनच ते फक्त शिरेतून द्यावे असा ठळक इशारा त्याच्या वेष्टनावर असतो. जे विभाजन थांबवते तेच मज्जापेशींच्या आतल्या नलिकाही मोडते. मेंदूचे दार बंद आहे ते आपल्याच भल्यासाठी.

नंदुरबारचा रसायनशास्त्रज्ञ

दुसऱ्या आणि तिसऱ्या वनस्पतीची गोष्ट एका माणसापाशी एकत्र येते. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ साली नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठातून एम.एस्सी. करून ते अमेरिकेत गेले, इंडियाना विद्यापीठातून पीएच.डी. झाले आणि १९६२मध्ये उत्तर कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्या हाताखाली रुजू झाले.

तो काळ मोठ्या छाननीचा होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने झाडामागून झाड तपासायचा कार्यक्रम हाती घेतला होता; दोन दशकांत एक लाखाहून अधिक अर्क तपासले गेले. वॉल यांच्याकडे एका चिनी झाडाचा अर्क होता. चीनमध्ये त्याला ‘शी-शू’, म्हणजे आनंदवृक्ष, म्हणतात. शास्त्रीय नाव कॅम्प्टोथेका अ‍ॅक्युमिनाटा. १९६६मध्ये वॉल आणि वाणी यांनी त्यातल्या द्रव्याची रचना जगापुढे मांडली: कॅम्प्टोथेसिन. आणखी पाच वर्षांनी, १९७१मध्ये, त्यांनी पॅसिफिक यू या सूचिपर्णी झाडाच्या सालीतून टॅक्सॉल वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. ती साल वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर बार्कले यांनी १९६२मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून आणली होती. एका प्रयोगशाळेने कर्करोगावरची इतकी महत्त्वाची दोन द्रव्ये झाडांतून काढावीत, याला दुसरे उदाहरण शोधावे लागेल.

दोन्ही द्रव्यांचे नशीब मात्र लगेच उजळले नाही. कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळेना. त्याचा क्षार करून रुग्णांना दिला, तर मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला आणि १९७२मध्ये चाचण्या थांबवाव्या लागल्या. ते फडताळात पडून राहिले. १९८५मध्ये कळले की पेशी आपल्या डीएनएचा पीळ सैल करण्यासाठी जे विकर वापरते, त्यालाच ते जखडून ठेवते. मग लक्ष पुन्हा वळले. जपानमध्ये, दह्याच्या छोट्या बाटल्यांमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या याकुल्ट कंपनीच्या संशोधकांनी त्याला पाण्यात विरघळणारे रूप दिले: इरिनोटेकान. १९९४मध्ये जपानमध्ये आणि १९९६मध्ये अमेरिकेत ते वापरात आले.

झाड आमचे, औषध कोणाचे

मधल्या काळात मुंबईत एक गोष्ट घडली होती. गोरेगावला सिबा कंपनीचे संशोधन केंद्र होते आणि तिथे टी. आर. गोविंदाचारी हे नामवंत रसायनशास्त्रज्ञ संचालक होते. १९७२मध्ये गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी मॅपिया फीटिडा या भारतीय झाडात कॅम्प्टोथेसिन असल्याचे प्रसिद्ध केले. चिनी आनंदवृक्षाशी या झाडाचे जवळचे नाते नाही, तरी द्रव्य तेच. हे झाड पश्चिम घाटाच्या माथ्यावरच्या सदाहरित रानांत वाढते. फुलांना उग्र दर्प येतो; ‘फीटिडा’ या लॅटिन शब्दाचा अर्थच दुर्गंधी. मराठीत त्याला म्हणतात नरक्या.

चीनमध्ये आनंदवृक्ष आणि आपल्याकडे नरक्या. नावांचा हा खेळ गमतीचा, पण पुढचा इतिहास गमतीचा नाही. इरिनोटेकान आणि त्याचे भावंड टोपोटेकान बाजारात आल्यावर कच्च्या मालाची मागणी वाढली आणि नव्वदीच्या दशकापासून सह्याद्रीतली नरक्याची झाडे तुटू लागली. द्रव्य खोडात आणि मुळांत असल्यामुळे झाड मुळासकट जाते. त्याच्या चिपा करून, पोत्यांत भरून माल घाट उतरतो. नरक्याची तस्करी पकडल्याच्या बातम्या कोल्हापूर-सिंधुदुर्गकडच्या वाचकांना नव्या नाहीत. ज्या रानातून ते झाड गेले, तिथल्या माणसाला ते कशासाठी जाते याची बहुधा कल्पनाही नव्हती.

हे औषध मेंदूच्या दाराशी गेले तेव्हा काय झाले? अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात हेन्री फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी मेंदूतली गाठ उलटलेल्या ६० रुग्णांना इरिनोटेकान दिले. निष्कर्ष १९९९मध्ये आले. ९ रुग्णांत गाठ लक्षणीय लहान झाली. शंभरात पंधरा. इतर उपाय संपलेल्या आजारात हेही थोडे नव्हते. पण एक अनपेक्षित गोष्ट आढळली. या रुग्णांच्या रक्तात औषध अपेक्षेपेक्षा खूपच कमी टिकत होते. कारण मेंदूच्या गाठीमुळे झटके येतात, म्हणून त्यांना फेनिटॉइनसारखी औषधे चालू असतात. ती औषधे यकृताला कामाला लावतात आणि यकृत इरिनोटेकानचा वेगाने निचरा करते. म्हणजे मेंदूच्या दाराआधी यकृताचाही एक नाका आहे आणि एका औषधामुळे दुसऱ्याचा जोर कसा उतरतो, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

२००९मध्ये निकाल लागला. १६७ रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला बेव्हॅसिझुमॅब हे गाठीच्या रक्तवाहिन्यांवर चालणारे जैविक औषध एकटे दिले, दुसऱ्याला त्याच्या जोडीला इरिनोटेकान. गाठ आकसण्याचे प्रमाण दुसऱ्या गटात थोडे अधिक होते, पण मध्यमान आयुष्य पहिल्या गटात ९.२ महिने आणि दुसऱ्यात ८.७ महिने. जोडीने आयुष्य वाढले नाही. त्याच वर्षी अमेरिकेत मेंदूच्या गाठीसाठी मान्यता मिळाली ती एकट्या बेव्हॅसिझुमॅबला. आतड्याच्या कर्करोगात आजही रोज दिले जाणारे नरक्याचे औषध मेंदूच्या दारातून असे मागे फिरले.

दार किलकिले होते तेव्हा

टॅक्सॉलचे भाग्य इतर अवयवांत मोठे. १९७९मध्ये सुझन हॉर्विट्झ यांनी दाखवले की ते सदाफुलीच्या नेमके उलटे काम करते: सूक्ष्म नलिका बांधू देते, पण मोडू देत नाही. विभाजन तरीही अडतेच. १९९२च्या अखेरीस बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी त्याला परवानगी मिळाली, पुढे स्तनाच्या कर्करोगात ते घरोघरी माहीत झाले. मेंदूच्या गाठींवर मात्र नव्वदीच्या दशकातल्या चाचण्यांत हाती फारसे लागले नाही. रेणू थोराड, आणि दारातल्या राखणदाराचे खास गिऱ्हाईक.

२०२३मध्ये शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या अ‍ॅडम सोनाबेंड आणि सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. गाठ काढल्यावर कवटीच्या खिडकीत अल्ट्रासाउंडचे एक छोटे यंत्र बसवले. शिरेतून सूक्ष्म बुडबुडे सोडले. ध्वनिलहरींनी ते बुडबुडे थरथरतात आणि केशवाहिन्यांची भिंत तेवढ्यापुरती किलकिली होते. साधारण तासाभरात पुन्हा बहुतांशी मिटते. तेवढ्या वेळात टॅक्सॉलचे अल्ब्युमिनला जोडलेले रूप आत सोडायचे. १७ रुग्णांवरच्या या पहिल्या टप्प्याच्या चाचणीत मेंदूतली औषधाची मात्रा सुमारे ३.७ पट झाली. याने आयुष्य वाढते हे त्या चाचणीने सिद्ध केले नाही. तिचा हेतू सुरक्षितता पाहण्याचा होता. तरी इतिहासाच्या दृष्टीने तिचे मोल आहे. झाड सापडून साठ वर्षे झाल्यावर प्रश्न ‘औषध कोणते’ यावरून ‘औषध पोहोचले किती’ यावर आला आणि त्याचे उत्तर आकड्यात मिळाले.

हाच प्रश्न हळदीला विचारला गेला आहे. तबकडीतल्या मेंदूच्या कर्कपेशी कर्क्युमिनने मरतात, असे सांगणारे निबंध ढिगाने आहेत. फ्रँकफुर्टच्या डॉक्टरांनी २०१६मध्ये एक साधी गोष्ट केली. शस्त्रक्रिया ठरलेल्या १३ रुग्णांना आधी चार दिवस, शोषण वाढावे म्हणून खास बनवलेले कर्क्युमिन दिले आणि काढलेल्या गाठीतच ते मोजले. रक्तात ते बऱ्यापैकी होते. गाठीत निघाले ते एका मिलिग्रॅम ऊतीत ग्रॅमच्या अब्जांशाच्याही काही शतांश. तबकडीत पेशी मारायला लागते त्या मानाने हे नगण्य. हळदीचा दोष नाही. आमटीत ती घालावीच. पण तबकडी म्हणजे मेंदू नव्हे.

सातपुड्याची सालई

वाणी २०२० साली वारले. त्यांच्या जन्मगावाच्या उत्तरेला सातपुड्याच्या रांगा आहेत आणि त्या कोरड्या डोंगरांवर सालईची झाडे आहेत. या सालईचा सुगंधी डिंक धुपात जातो; आयुर्वेदात तिला शल्लकी म्हणतात. मेंदूच्या कर्करोगाच्या संदर्भात या झाडाची एक चाचणी मला सर्वांत शहाणी वाटते. ती जर्मनीतल्या फ्रायबुर्गला झाली, म्हणजे गोल्डमान यांनी निळा रंग टोचला त्याच गावी.

मेंदूच्या गाठीवर रेडिएशन देताना भोवती सूज येते. डोके ठणकते, हातपाय लुळे पडतात. त्यासाठी स्टिरॉइड द्यावे लागते आणि त्याचे स्वतःचे हाल असतात. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत रेडिएशन चालू असलेल्या ४४ रुग्णांपैकी अर्ध्यांच्या आसपास लोकांना रोज ४२०० मिलिग्रॅम सालईचा अर्क दिला, उरलेल्यांना तशाच दिसणाऱ्या निरुपद्रवी गोळ्या. कोणाला काय दिले हे रुग्णालाही माहीत नव्हते, डॉक्टरलाही नाही. सूज तीन-चतुर्थांशाहून अधिक उतरली, असे रुग्ण सालईच्या गटात शेकडा ६० होते आणि दुसऱ्या गटात शेकडा २६. रुग्ण थोडे होते, काहींना जुलाब झाले, आणि निष्कर्ष मोठ्या चाचणीत पडताळून पाहायला हवेत. पण या डॉक्टरांनी गाठ बरी करण्याचा दावा केला नाही. सूज उतरते का, एवढेच विचारले, आणि ते मोजले.

आता पुन्हा घराकडे येऊ. अहवाल हातात असलेल्या माणसाला इतिहास सांगणे निर्दयपणाचे वाटेल. पण या इतिहासात त्याच्या उपयोगाचे काही आहे. कच्च्या सदाफुलीचा रस देऊ पाहणाऱ्याने नोबल यांचे उंदीर आठवावेत. टेमोझोलोमाइड आधीच पांढऱ्या पेशी कमी करते. त्यात अस्थिमज्जा थंडावणाऱ्या पानांचा बिनमापाचा रस भर घालू शकतो आणि गाठीआधी एखादा साधा ताप माणसाला घेऊन जाऊ शकतो. दुसरे, घरात काहीही चालू असले तर ते डॉक्टरांना सांगावे. ‘ओरडतील’ म्हणून लपवू नये. ड्यूकच्या साठ रुग्णांनी दाखवले की एक गोळी दुसऱ्या औषधाचा जोर पार बदलू शकते. आणि तिसरे, कुठल्याही झाडाबद्दल निरोप आला की एवढेच विचारावे: तबकडीत की माणसात? माणसात असेल तर किती जणांत? आणि गाठीत ते पोहोचले किती?

या प्रश्नांनी निरोप पाठवणाऱ्याचा जीव दुखावेल असे वाटते. तसे होऊ नये. त्याची माया खरी असते. त्याला काहीतरी करायचे असते आणि हाताशी सदाफुली असते. नोबल यांच्या हातीही तीच होती. फरक इतकाच, की साखर उतरली नाही तेव्हा त्यांनी ते कबूल केले, आणि उंदीर मेले तेव्हा का मेले ते पाहिले. कॅनडातल्या त्या गावी हे घडले नसते, तर रक्ताच्या कर्करोगातून उठलेली कितीतरी मुले आज मोठी झालेली नसती. मेंदूच्या दाराशी अजून तेवढे यश आलेले नाही. काम चालू आहे, आणि ते करणारे प्रत्येक वेळी किती पोहोचले ते मोजत आहेत. तोवर सदाफुली जोत्याच्या फटीत फुलू द्यावी, आणि नरक्या घाटावर उभा असेल तिथे उभा राहू द्यावा.